‘पान उलटा’ गटातली माझी जागा निधीला

आले-गेले ते आधी सांगते. टपालाने साताऱ्याहून पुस्तक एक, हशील पाठवणाऱ्यांनीच भरलेले. बाजारातून रेघी ताव बारा, रुपये पंधरा. पेन, रुपये दहा. माझे चित्त ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला, रुपये पाचशे. इतकी वर्षे ते फुकटच ठिकाणावर होते.

मी, कुसुम अरविंद देवपुजारी, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार मिसरोद, भोपाळ, श्री गजानन महाराजांचे स्मरण करून, कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या मागे काय कोणाचे ते आज सांगून ठेवते. वीस तारखेला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. महाराजांनी ठेवले तर हा कागद कपाटात राहील. माझ्या डोळ्यांना काचबिंदू आहे, म्हणून मी सांगते आणि शेजारची सरोज पांढरीपांडे लिहिते. तिने वाचून दाखवल्यावरच मी सही करीन.

कलम पहिले, घर. हा दोन खोल्यांचा फ्लॅट यजमानांच्या मागे माझ्या नावावर झाला. सासरे छप्पन्न साली राजधानी हलली तेव्हा कचेरीबरोबर नागपूरहून इकडे आले, यजमान सिंचन विभागात लिपिक होते, आणि घर झाले ते थेट निवृत्तीच्या पैशांत. हे घर माझा एकुलता मुलगा जयंत व सून निधी या दोघांचे, निम्मे-निम्मे. जयंता, भाव कितीही येवो, तिच्या सहीवाचून विकता यायचे नाही.

कलम दुसरे. बँकेतली ठेव जयंताला. त्यातून माझ्या दिवसांचा खर्च करावा, पण जेवणावळ नको. पाटल्या निधीला. देवघर जिथे आहे तिथेच राहू द्यावे. रोजचा दिवा लावणे जमले नाही तर गुरुवारचा तरी लावावा. दूध तापवायचा पितळेचा मोठा गंज सरोजला, कारण तो गेली सहा वर्षे तिच्याकडेच आहे. (सरोज म्हणते, “हे मी लिहिणार नाही.” लिही म्हटले.)

कलम तिसरे, पुस्तके. लोखंडी कपाटात आणि पलंगाखालच्या दोन ट्रंकांत मिळून चारेकशे असतील. मुख्य गोष्ट इथे आहे, म्हणून सविस्तर सांगते.

‘पान उलटा’ हा फोनवरचा वाचकांचा गट आहे. साताऱ्याच्या मंजूषाताई कारखानीस तो चालवतात. दर रविवारी प्रत्येकाने काय वाचले ते लिहायचे, आवडले नसेल तर तसेही लिहायचे. शिवाय एक पुस्तक टपालाने गावोगाव फिरते. ज्याच्याकडे येईल त्याने शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नाव, गाव व एक ओळ लिहून पुढे धाडायचे. आमच्या पुस्तकांनी असे बेळगाव, बडोदा, इंदूर पाहिले. मी इंदूरपलीकडे कधी गेले नाही. गटाचा नियम एकच आणि कडक: लिहायचे ते मराठीत.

मी गटात गेले तेव्हा फोन यजमानांचा, म्हणून नावही त्यांचे दिसे. ते फक्त रिचार्ज करीत. लिहिणारी मी. पण गट समजला की हे अरविंदराव. मीही काही बोलले नाही. मॅट्रिक बाईचे कोण ऐकते, असे मनात होते, आणि “अरविंदराव, काय नेमके लिहिलेत!” हे कानाला बरे लागे. यजमान गेले त्या दिवशी मी त्याच फोनवरून कळवले की अरविंद देवपुजारी यांचे निधन झाले. गट रडला. कोणी लिहिले, त्यांच्यामुळे मी वाचायला लागलो. कोणी लिहिले, आता रविवार सुने जातील. दुःखाच्या घरात बसून मी ते एकेक वाचत होते. आपल्यामागे लोक काय म्हणतील हे जिवंतपणी कोणाला ऐकायला मिळते? मला मिळाले. याबद्दल महाराजांचे व गटाचे उपकार मानते.

तेराव्यानंतर मंजूषाताईंना फोन लावला. म्हटले, “ताई, गेले ते माझे यजमान. वाचणारी मी. मी आहे अजून.” त्या आधी हसू लागल्या, मग रडू लागल्या. तेव्हापासून मी गटात कुसुमताई. एकटे नाशिकचे मनोहर टिपणीस लिहिते झाले, “ताई बरे लिहितात, पण अरविंदरावांची धार नाही.” हे मी विसरलेले नाही. त्यांना माझ्या संग्रहातले कोणतेही एक पुस्तक द्यावे, जाडसर बघून, म्हणजे तोंड काही दिवस बंद राहील.

दोन वर्षांमागे अक्षरे दिसेनाशी झाली. निधी एम. पी. नगरात एका शिकवणी वर्गाच्या कचेरीत कामाला जाते. माहेर तिचे सागरचे, मराठीचा गंध नाही. पण लिपी तीच. म्हणाली, “मम्मीजी, मैं पढ़ देती हूँ, समझना आपका काम.” आल्यावर चहा ठेवून ती वाची. कळे काही नाही, पण थांबे नाही. मग मधेच विचारू लागली, “मम्मीजी, ये उगाच क्या होता है?” म्हटले, “बिना बात के. जैसे जयंत ग़ुस्सा होता है.” ती इतकी हसली की चहा उतू गेला. दूध अर्धा लिटर वाया.

एके दिवशी पुस्तक उघडले तर खूण पुढे सरकलेली. विचारले तर म्हणते, “सॉरी मम्मीजी, बस में दो चैप्टर आपके बिना पढ़ लिये. रुका नहीं गया.” मी रागावल्यासारखे केले. मनात म्हटले, झाले, लागली.

मागच्या दिवाळीत मी दवाखान्यात होते. रविवारचे तिने स्वतःच लिहून माझ्या नावाने पाठवले. मला नंतर वाचून दाखवले. दोन शब्द सरळ हिंदी, क्रियापदे लंगडी, पण मी न पाहिलेले तिने पाहिले होते. खाली मनोहररावांचा शेरा: “भाषा जरा भोपाळी झाली आहे, पण ताई, आज कित्येक दिवसांनी अरविंदरावांची आठवण झाली.” निधी विचारू लागली, “ये अंकल तारीफ़ कर रहे हैं या डाँट रहे हैं?” मी म्हटले, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

तर, पुस्तके निधीला. जयंत म्हणाला, “आई, ती काय करणार त्यांचं? वाचनालयाला दे, तुझ्या नावाची पाटी लागेल.” बाळा, त्या वाचनालयाचे कुलूप मी तीनदा पाहून आले आहे. पाटी नको.

पण नुसती पुस्तके देऊन भागत नाही, हे मला माझ्यावरून माहीत आहे. कपाट भरलेले होते तेव्हाही मी चाळीस वर्षे भिंतीशी बोलत होते. वाचलेले सांगायला माणूस मिळाला तो गटात. माझ्यामागे या घरात मराठी पुस्तकाबद्दल बोलायला निधीला कोणी उरणार नाही. जयंत चांगला मुलगा आहे, पण वर्तमानपत्राचीही घडी मोडत नाही. वर्षभरात ती वाचायची थांबेल. म्हणून

कलम चौथे. ‘पान उलटा’ गटातली माझी जागा व फिरत्या पुस्तकाच्या यादीतला भोपाळचा पत्ता निधीला मिळावा, तिच्या स्वतःच्या नावाने. ती लिहील तसे मोडके, मिसळीचे मराठी चालवून घ्यावे. सरोज म्हणते, ही काही मिळकत नव्हे, कोर्ट हसेल. हसू दे. माझ्याकडे देण्यासारखे सगळ्यांत मोठे हेच आहे, आणि ते देणे माझ्या एकटीच्या हातात नाही.

पहिल्या तीन कलमांची अंमलबजावणी जयंताने करावी. चौथ्याची मंजूषाताईंनी.

सर्वांनी मला भरपूर दिले. कोणाकडून काही येणे नाही.

सही: कुसुम अरविंद देवपुजारी
साक्षीदार: १. सरोज रमेश पांढरीपांडे (लेखनही यांचेच) २. सत्यजित बक्षी, वरचा मजला
मिसरोद, भोपाळ. दिनांक २ फेब्रुवारी २०२५

एक नक्कल रजिस्टर टपालाने: मंजूषाताई कारखानीस, सातारा.

ताई, नियम तुमचा आहे आणि तो का केलात हेही मला ठाऊक आहे. नाही म्हणालात तरी मला राग नाही. फक्त फोनवर कळवू नका. माझा फोन निधी वाचते. तिला यातले काही माहीत नाही, आणि नकार असेल तर तो तिनेच मला मोठ्याने वाचून दाखवावा, असे होऊ नये. सोबत सरोजच्या घरचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट ठेवले आहे. वीस तारखेच्या आत हो की नाही, तेवढे उलट टपाली कळवावे.