बेंजामिन की सम्राट?

३ नोव्हेंबर
दवाखान्यातनं घरी येते तर दोन्हीकडची माणसं हजर! आई कागलहून, मामा-आत्ती म्हणजे आदर्शचे आईवडील कोडोलीहून. बीपी किती आलं, कुणी विचारलं नाही. विषय एकच— पोटातल्या मुलाचं नाव. मामा म्हणाले, "बेंजामिनच. आमच्या आज्ज्याचं नाव हाय." आई उसळली, "लेकीनं चर्चमध्ये लगीन केलं, तवा गप बसलो. आता नाव तरी आमचं. सम्राट!" आदर्श पंख्याकडं बघत बसला. नवरा नुसता शोभेचा!

६ नोव्हेंबर
मामांना फोन करून विचारलंच, बेंजामिन म्हणजे काय हो? खूश झाले. "उजव्या हाताचा पुत्र. बायबलात बन्यामीन. याकोबाचा धाकटा. इस्राएलाचा पहिला राजा त्याच्याच वंशातला की!" मी म्हटलं, आणि त्याची आई? "राहेल." मग म्हणाले, रेंज जातीय.

७ नोव्हेंबर
आदर्शच्या कपाटातलं बायबल काढून मीच वाचलं. राहेल प्रवासात अडली, बाळंतपणातच गेली. सुईण तिला म्हणते, भिऊ नको, हाही मुलगाच! मरणाऱ्या बाईला हा धीर? जाता जाता तिनं नाव ठेवलं बेनओनी— माझ्या दुःखाचा पुत्र. बापानं ते बदलून बन्यामीन केलं. तिनं जीव जाताना ठेवलेलं नावसुद्धा राहू दिलं नाही!

माझे हात सुजलेत, बांगड्या निघत नाहीत. हे नाव नको मला. मी मरेन अशी भीती वाटते. लिहिलं एकदाचं.

८ नोव्हेंबर
आदर्शला सांगितलं. "खुळी हायस काय? जगात एवढे बेंजामिन, सगळ्यांच्या आया मेल्या व्हय?"
खरं आहे. तरी रडले.

१० नोव्हेंबर
आईनं कुंचीवर 'सम्राट' विणायला घेतलंय. मामांनी पास्टरना बाप्तिस्म्याचं सांगूनही टाकलं. बाळ अजून पोटात! फोनवर दोघांची जुंपली. मी ओरडले, "आधी मला जगू तर द्या!" आई म्हणाली, "असलं अभद्र बोलू नये."

१३ नोव्हेंबर
डोकं ठणकतंय. डोळ्यांपुढं काजवे. आदर्श रिक्षा आणायला पळालाय—

१७ नोव्हेंबर
आहे मी. सिझर झालं. मुलगी.
मामा प्रार्थना करून गेले. आई डिंकाचे लाडू ठेवून गेली. हिचं नाव काय ठेवायचं, अजून एकानंही विचारलेलं नाही.