सोमवारपर्यंत सांगायचंय

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमची ही लेक काय काम करते हे सांगायचं तर पार सुरुवातीपासून सांगावं लागेल. थोडक्यात सांगते. मी जळगावातच असते, आतल्या खोलीत कूलरसमोर बसते आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम कॉम्प्युटरवर करते. पगार घरबसल्या खात्यात येतो. गल्लीचा मात्र यावर अजून विश्वास नाही. 'ती काय, घरीच तर असते,' म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या माझ्याकडे, सगळ्यांची पार्सलं माझ्याकडे, समोरच्यांचं गॅस सिलिंडरसुद्धा मीच उतरवून घेते. मीटिंग रंगात आलेली असते, दारावर थाप पडते आणि पुण्याचे साहेब विचारतात, "काही अडचण आहे का?" काय सांगू त्यांना, सिलिंडर आलंय म्हणून?

मी चिडते, पण सुखात आहे हो. दुपारी आई कळण्याची गरम भाकरी आणि ठेचा आणून ठेवते. लेक शाळेतून येते ती दप्तरासकट माझ्या मांडीवर. नवरा इथल्या डाळ मिलमध्ये हिशेबाला आहे, तो संध्याकाळी दमून येतो तेव्हा मी घरात असते. आणि नेमकी याच सुखात माशी शिंकली. कंपनीने मला बढती देऊ केलीय. माझ्या हाताखाली टीम, काम मोठं, पुढचा रस्ता मोकळा. पण आठवडाभर पुण्याच्या ऑफिसात बसायचं, घरी यायचं ते शनिवार-रविवार. नाही म्हटलं तर आहे ते काम कुठे जात नाही, फक्त पुढची कित्येक वर्षं तेच आणि तेवढंच. साहेब गोड बोलून म्हणाले, "घरून काम करणाऱ्यांना पुढे आणणं अवघड जातं हो. माणूस डोळ्यांसमोर लागतो. सोमवारपर्यंत सांगा." जिला मी काम शिकवलं ती मुलगी कधीच तिकडे गेली. पूर्वी ती 'मॅडम, जरा बघता का?' म्हणायची, आता 'झालं का?' म्हणते. तोंडावर हसते मी. आतून जळते.

आज शनिवार. वरणात मीठ दुसऱ्यांदा टाकलं, पाणी ओतून ओतून सगळ्यांना त्याचं कढण प्यायला लावलं. लेक नुसती गुणगुणत होती, तिच्यावर खेकसले. एकदा वाटतं, जाते आणि दाखवते एकेकाला. लगेच वाटतं, पोरीला ताप आला आणि मी तिकडे असले तर? नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणतो, "तू ठरव, मी आहे ना." अहो, मला हे 'मी आहे ना' नकोच होतं! कोणीतरी दणकून म्हणावं, 'अजिबात जायचं नाही.' मग मी चार दिवस गाल फुगवून बसेन आणि सुटेन. पण हल्ली कोणी नाही म्हणतच नाही, सगळे मेले समजूतदार.

म्हणून तुम्ही आठवलात. आपल्या घरात हे आधी तुम्हीच केलंय. इथल्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये तुम्ही फिटर होतात, धुळ्याच्या सूतगिरणीने सुपरवायझर म्हणून बोलावलं आणि तुम्ही गेलात. मी तेव्हा माझ्या लेकीएवढीच. पुढे तुम्ही सुट्टीचे पाहुणे झालात. केसांत कापसाचे तंतू घेऊन यायचात, मला जवळ घेईपर्यंत झोप लागायची तुम्हाला. आई सांगायची, "तुमच्यासाठी हाल काढताहेत ते तिकडे." मी ते खरं मानलं. एकट्या खोलीत उपाशी झोपलेले नाना डोळ्यांसमोर यायचे आणि मला रडू फुटायचं.

मग तो श्रावण आला. घरी कानबाई देवी बसली आणि तुम्हाला रजा मिळाली नाही. आईने नैवेद्याच्या रोटांसाठी तुमच्या नावाचे सव्वा मूठ गहू घातलेच. तुम्हाला माहीतच आहे, कानबाईचे रोट घरच्यांनीच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे, बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही. मग तुमच्या वाट्याचं काय करायचं? आईने रोट फडक्यात बांधले, गंगाफळाची भाजी डब्यात भरली आणि माझं बखोट धरून धुळ्याची एसटी पकडली. तुम्हाला कळवलं नव्हतं. वाटभर ती डबा मांडीवर घट्ट धरून बसली होती.

तुमच्या खोलीचं दार उघडंच आहे. स्टोव्हवर खिचडी शिजतेय, गिरणीतली तीन-चार माणसं चटईवर बसलीत आणि मध्ये तुम्ही कुणाची तरी नक्कल करताय. माणसं पोट धरून हसतायत. तुम्ही असे हसवू शकता हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं, नाना. आम्हाला पाहून तुम्ही आनंदाने ओरडलात, आईच्या हातातलं फडकं घेतलंत, सोडलंत आणि रोट मोडून एकेकाच्या हातावर ठेवलासुद्धा. आई दारातूनच म्हणाली, "अहो, ते कानबाईचे…" तुम्ही म्हणालात, "अवं, ह्या घरनाच मानसे शेतस!" घरचीच माणसं म्हटल्यावर त्यांनी कौतुकाने खाल्लं. तुम्हीही खाल्लंत. आईने चप्पल काढली आणि भिंतीला टेकून बसली. तिला कोणीतरी पाणी दिलं, "वहिनी" म्हणून, आणि पाहुणीला द्यावं तसं बशीतून दिलं.

परतीच्या एसटीत ती एवढंच बोलली, "बरं चाली राहिनं तुना नानानं." त्यानंतर 'हाल काढताहेत' हे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत.

मला तुमचा राग आला होता का? हो, आला होता. आम्ही इकडे तुमची वाट बघायचो आणि तुम्ही तिकडे मजेत! आता माझ्यावर तीच वेळ आली तर राग येईनासा झालाय, त्या जागी धाकधूक आलीय. तुम्ही आमच्यासाठी गेलात की तुम्हाला जायचंच होतं, हे तेव्हा विचारायला हवं होतं. आता कुणाला विचारू?

मघाशी स्वयंपाकघरात आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. पुणं, बढती, पोरीची शाळा, सगळं एका दमात सांगून टाकलं. वाटलं, ही तरी नाही म्हणेल. हिने भोगलंय, हिला तो हक्क आहे. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तुना बापनी माले कधी इचारं नही. धुयाले जाई राहिनू, इतलंच सांगं. तू इचारी राहिनी." आणि देठं बाजूला सारून म्हणाली, "जाय. पोरले मी देखसू."

वाटलं होतं, सुटका होईल. शेवटचं 'नाही' तिच्याकडेच होतं आणि तिने ते दिलं नाही.

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहिते. पोरीचं मी नसताना कसं होईल, याची काळजी मी दिवसभर सगळ्यांना ऐकवली. आई आहे, तिचा बाप आहे, तिचं बरं होईल. मला तिथे करमेल, नाना. त्याचीच भीती वाटते.