किल्ल्या मुठीत

३ मार्च, मंगळवार
ही वही मिळून आठ दिवस झाले, आज उघडली. आधी पेन नव्हतं, मग पेन होतं पण मूड नव्हता, मग कॅन्टीनच्या मांजरीला पिल्लं झाली. ट्रेनिंगवाल्या मॅडम म्हणाल्या, कैद्यावर आवाज चढला की लिहून ठेवा, वही कोणी बघणार नाही. मग लिहायचं कशाला? तुरुंग आहे की बालवाडी?
पण कोर्स पास झालो तरच गार्ड म्हणून कायम. ही माझी सातवी नोकरी. ताईने बजावलंय, हीसुद्धा गेली तर बॅग घेऊन तिच्या दारात उभं राहायचं नाही. संकल्प: आजपासून आवाज चढवणार नाही.

दुपार
दोनदा चढला. एकदा मांजरीवर. ते धरत नाही.

४ मार्च
मॅडमचं नवीन खूळ: किल्ल्यांचा जुडगा मुठीत दाबून चालायचं. दार उघडण्याआधी आपलं नाव आणि काम सांगायचं. म्हणे मार खाल्लेल्या माणसाचं अंग आवाज विसरत नाही. काहीही. मार मीपण खाल्लाय. बापाची किल्ली कुलपात फिरली की मी पलंगाखाली जायचो, पण ते गारव्यासाठी. माझं काय बिघडलं?

६ मार्च
वर्ग चालू असताना हवालदार मागून जुडगा खुळखुळवत आले. नेमकं तेव्हाच माझं पेन पडलं, म्हणून टेबलाखाली गेलो. शोधायला पाच-सात मिनिटं लागली. मॅडम शेजारी फरशीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, घाई नाही, सापडलं की सांगा. आगाऊ बाई.

९ मार्च
सराव. बराकीच्या दारावर जुडगा दणकन आपटला गेला. आतला म्हातारा कैदी, ज्याला सगळे मास्तर म्हणतात, शांतपणे म्हणाला, साहेब, आधी नाव सांगा, मग ओरडा, मॅडमनी आम्हालाही शिकवलंय. अख्खी बराक हसली. हवालदारसुद्धा. एकेकाला बघून घेईन. उद्या परीक्षा झाल्यावर.

१० मार्च, सकाळी ११
साडेअकराला परीक्षा. तयारी चोख. मूठ घट्ट, आवाज मऊ. वर्गात पहिला येऊन बसलोय.

११.१०
हवालदार सांगून गेले, ताईकडून पत्ता घेऊन माझे वडील आलेत. सहा वर्षांनी. वर्ग गेटबाहेरच, म्हणून थेट इकडे पाठवलंय. कॉरिडॉरमध्ये चाल ऐकू येतेय. घराच्या किल्ल्या बोटात फिरवायची सवय अजून गेलेली नाही.
पेन पडलंय. टेबलाखालून लिहितोय.