एफ आणि रोवेनाचे वडील

३ एप्रिल

हात आखडलाय, पेन धरवत नाही. तरी लिहितोच. रोवेनाचे वडील, मांग सेलो (वडीलधाऱ्यांना आम्ही मानाने 'मांग' म्हणतो), आज म्हणाले, "आधी गिटारवर एफ कॉर्ड स्वच्छ वाजव. मग लग्नाचं बोलू."

मी गेलो होतो मोठ्या ऐटीत. गिटारच्या मानेवर पेन्सिल, रबरबँडने घट्ट बांधलेली, म्हणजे बोटाऐवजी तीच तारा दाबून धरते. आमच्या गल्लीत सगळे असंच वाजवतात, अवघड कॉर्डच्या वाटेला कोणी जातच नाही. त्यांनी रबरबँड काढला, पेन्सिल स्वतःच्या कानामागे खोचली आणि गिटार परत दिली. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं, उरलेल्या बोटांनी आपापल्या तारा धरायच्या — याला म्हणे बार कॉर्ड! वाजवला. पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज आला. रोवेना स्वयंपाकघरात हसत होती. मला ऐकू आलं.

४ एप्रिल

बेकरीत पहाटे पांदेसाल पावांचे गोळे वळताना बोट नुसतं ठणकत होतं. भट्टीवरचा मानोलो विचारतो, कोणी चावलं का.

९ एप्रिल

मांग सेलो आता रोज स्वतःच शिकवतात, पण सराव-बिराव नाही, थेट गाणंच. तरुणपणी ते इथे ओलोंगापोच्या क्लबांमध्ये अमेरिकन खलाशांपुढे वाजवायचे. अमेरिकन नौदलाचा तळ उठला, खलाशी गेले, रॉकची ती जुनी गाणी मात्र यांच्याकडेच राहिली. आधी असं गाणं दिलं ज्यात एफ मध्येच कुठेतरी एकदा डोकावतो. आता दुसरं दिलंय, त्यात तो ठाण मांडूनच बसलाय. ते पाय आपटून ठेका धरतात, मी चुकलो तरी थांबत नाहीत. गाडी सुटल्यावर मागून पळणाऱ्यासारखी माझी गत.

"बोटं आहेत की पांदेसालचं पीठ?" रोज एकदा तरी हे ऐकतोच.

१७ एप्रिल

वाजला!! बोट जरा कुशीवर वळवलं, कोपर अंगाजवळ घेतलं आणि वाजला. एक तार मुकीच राहिली, पण बाकीच्या गायल्या. आणि गंमत म्हणजे हात तोच, नुसता वर सरकवला की जी होतो, आणखी सरकवला की ए. म्हणजे एकाच कष्टात सगळं गाव! मांग सेलो म्हणाले, "हं." त्यांचं 'हं' म्हणजे पुष्कळ झालं.

घरी सांगितलं तर आई लगेच पान्सितच्या शेवया मोजायला लागली. मुलाकडच्यांनी पातेलं भरून न्यायचं, मुलीच्या घरी जाऊन मुलगी मागायची — बाबा असते तर तेच पुढे झाले असते, म्हणून तिला जास्तच काळजी. काही कमी पडलं असं कोणी म्हणायला नको.

२५ एप्रिल

एक गोष्ट लक्षात आली. मांग सेलो स्वतः एफ धरतच नाहीत. अंगठा वरून वळवतात, अर्धाच कॉर्ड वाजवतात. विचारलं, तर म्हणाले ही जुन्या लोकांची पद्धत. परत येताना रोवेनाने दाराबाहेर सांगितलं — नाताळापासून त्यांचं पहिलं बोट सरळच होत नाही. त्यांच्या बँडमधल्या कोणाला सांगितलेलं नाही. फिएस्ताला, गावच्या जत्रेत, बँड घेऊन दरवर्षी वाजवतात, यंदाही वाजवणारच म्हणतात. आणि मी आपला त्यांच्यापुढे एफ, एफ करत नाचतोय.

४ मे

फिएस्ता. सगळं आज घडलं, आणि सगळं मीच बिघडवलं.

मी स्पीकरच्या मागे, जादाची गिटार घेऊन. ती स्पीकरला जोडलेलीच होती, तार तुटली तर हाताशी असावी म्हणून. तिसऱ्या गाण्यात मांग सेलो थांबले. बोट अडकलं होतं. ड्रम चालू, गाणारा चालू, आणि मधे नुसतं भोक. त्यांनी मागे वळून पाहिलं. तसा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मी विचार केलाच नाही, वाजवत सुटलो. एफ, जी, ए, परत एफ. सहाही तारा खणखणीत! ते नुसता हात हलवत राहिले, लोकांना काही कळलं नाही, टाळ्या त्यांनाच मिळाल्या.

पण गाणी संपली आणि त्यांनी गिटार खाली ठेवली, माझ्याकडे न बघता घरी गेले. जत्रेच्या लेचोनला, भाजलेल्या डुकराला, हातसुद्धा लावला नाही. त्यांनी मला बोलावलं थोडंच होतं! भर मांडवात माणसाच्या हातातलं काम काढून घेतलं मी.

५ मे

रोवेना म्हणते, तिचे बाबा कोणाशी बोलत नाहीत. मी आईला सांगितलं, आता मागणीचा स्वयंपाक करू नकोस. तिने शेवया परत डब्यात भरल्या. मला रडू आलं.

८ मे

सकाळी दारात मांग सेलो! हातात झाकलेलं पातेलं, मागे रोवेना आणि तिची आई, दोघी चर्चला जाताना घालतात त्या कपड्यांत. आई गडबडून खुर्ची पुसायला लागली. ते बसले नाहीत.

"ताई," म्हणाले, "उलटं होतंय, ठाऊक आहे मला. पण आम्ही तुमचा मुलगा मागायला आलोय."