त्रेचाळीस नंबर

२२ मार्च २०१४, शनिवार

स्थगिती आली. पाच वाजून दहा मिनिटांनी. अपील कोर्टाच्या कारकुनाने फोनवर दुजोरा दिला — "होय, निदान बुधवारपर्यंत." मी वेळ लिहिली, त्याच्या नावाचं स्पेलिंग विचारलं, आभार मानले. चौतीस वर्षांची सवय. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ही बातमी माझ्याबद्दल आहे.

क्रमाने लिहिते.

काल संध्याकाळी डेट्रॉइटच्या न्यायाधीशांनी बंदी रद्द केली. दोन पुरुषांचं, दोन बायकांचं लग्न मिशिगनमध्ये लागू नये, असं मतदारांनीच दहा वर्षांपूर्वी राज्यघटनेत घालून ठेवलं होतं, ते. लगोलग आमच्या काउंटीच्या क्लार्क, म्हणजे जिल्ह्यातल्या लग्नांची नोंद बघणाऱ्या मिसेस डायक्स्ट्रा म्हणाल्या, "उद्या नऊ ते एक मी लग्नाचे परवाने देणार." मी विचारलं, "आणि रविवारी चर्चमध्ये?" तर म्हणाल्या, "बाकावर शेजारी कोणी बसणार नाही, एवढंच ना? पाय पसरून बसेन."

थिया कपाट उघडून निळा कोट शोधायला लागली. मी म्हटलं, सत्तावीस वर्षं राहतोय एकत्र, आता घाई कसली? "सत्तावीस वर्षं झाली म्हणूनच," ती म्हणाली आणि धाप लागून पलंगावर बसली. तिची फुप्फुसं कडक होत चालली आहेत. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर चाकांवर तिच्यामागे फिरतो. त्याला ती नवरा म्हणते. "सतत पायात येतो, बोलत काही नाही. आणि कायद्याला चालतो!"

मग रॉसचा फोन. माझा संपादक, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. "नेल, रांगेत उभी राहणार असशील तर बातमी दुसऱ्याकडे देतो. दोन्ही एकदम नाही." बरोबरच आहे. बातमीदार बातमीत नसतो, हे त्याला मीच शिकवलं. म्हटलं, आधी बातमी पाठवते, मग माझी सुट्टी सुरू, मग रांगेत. तो म्हणाला, मग माझं काही म्हणणं नाही.

आज साडेआठला काउंटी कार्यालयाशी पोचलो तर शंभरावर माणसं, सगळीकडे बर्फाचा चिखल. थियाला गाडीत हीटर लावून बसवलं. म्हटलं, अकरापर्यंत येते. आत चर्चच्या बायका गुलाबी कागद कापून नंबर वाटत होत्या, बेकरीत असतात तसे. मी कामाला लागले. एकमेकांचे टाय नीट करणारे दोन म्हातारे. गोठा चालवणाऱ्या दोघी, बहिणी शोभतील अशा. गावाला इतकी वर्षं बहिणीच वाटायच्या! अकरा वाजले. रॉस फोनवर म्हणाला, अजून दोघांच्या प्रतिक्रिया हव्यात. मग फोटोंखालच्या ओळी. बातमी गेली तेव्हा एकला पाच कमी.

गाडीकडे पळत गेले. थिया डोळे मिटून बसली होती. बूट भिजलेले. म्हटलं, चल! ती म्हणाली, "दार लावतायत गं." खरंच लावत होते. मिसेस डायक्स्ट्रा पायरीवरून सगळ्यांना सांगत होत्या, "सोमवारी आठला! सगळ्यांचं करू!"

निकालाला स्थगिती मागणारा राज्य सरकारचा अर्ज कालच गेला होता. कोणत्याही क्षणी मंजूर होईल, हे मला माहीत होतं. मीच लिहिलंय — अकराव्या परिच्छेदात.

२३ मार्च, रविवार

पहिलं पान, सहा कॉलम, माझं नाव. थियाने टेबलावर पसरून बोट ठेवून वाचलं.

"छान लिहिलंयस, बाईसाहेब." मग, "अकरावा परिच्छेद वाचला."

ती वरच्या परिच्छेदांकडे परत गेली. तिचं बोट एका ओळीवर बराच वेळ थांबलं. मी वाकून पाहिलं — 'त्रेचाळीस नंबर दोनदा पुकारला गेला. कोणी पुढे आलं नाही. ऐन वेळी कोणीतरी कच खाल्ली असावी.' रॉसला तीच ओळ सगळ्यात आवडली होती.

"हे तुला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"सांगितलं कोणी नाही. मी ऐकलं ना पुकारताना."

"हं," ती म्हणाली. पेपराची घडी घातली.

२६ मार्च, बुधवार

स्थगिती पुढेही चालू, अपील संपेपर्यंत. गव्हर्नर म्हणाले, शनिवारी लागलेली राज्यातली तीनशे लग्नं कायदेशीर आहेत, पण राज्य ती मानणार नाही. थियाला वाचून दाखवलं. "म्हणजे आमच्या शाळेच्या खानावळीतली भाजी," ती म्हणाली. "वाढायची, पण पोरांनी खायची नाही." ती तीस वर्षं तिथली मुख्य स्वयंपाकीण होती. हसता हसता खोकला आला, दहा मिनिटं थांबला नाही.

९ मे, शुक्रवार

दवाखाना. खिडकीवरच्या मुलीने थियाला ओळखलं — "मिस कोवाल! तुमच्या हातची मॅकरोनी!" मग मान खाली घालून, "सोबत कोण? नातं?" यादीत तिला हवा तो शब्द नव्हता. बिचारी लाल झाली. "मैत्रीण लिहू?"

"चालक लिही," थिया म्हणाली. "गाडी तीच चालवते. तीही वाईट."

मुलीने 'मैत्रीण' लिहिलं. आत जाता येतं मला, त्याचे कागद वकिलाकडून केलेले आहेत. ते सोबत नेले तरच. चष्म्यासारखे जपते.

३ जून, मंगळवार

इलिनॉयमध्ये परवापासून चालू झालं. शिकागो चार तासांवर. मी नकाशा, सिलिंडर बदलायची ठिकाणं, सगळं काढून ठेवलं होतं. थियाने ऐकून घेतलं.

"आणि परत येताना?"

"परत येताना काय?"

"राज्याच्या हद्दीवर उतरवून ठेवायचं का लग्न? ओल्या छत्रीसारखं दाराबाहेर?"

मी म्हटलं, कागद तरी होईल. ती म्हणाली, या काउंटीतल्या निम्म्या लोकांना मी जेवू घातलंय. इथल्याच खिडकीवर करीन, नाहीतर राहू दे. मी चिडले. म्हटलं, हा हट्ट आहे. "आहे," ती म्हणाली. "तुझी बातमी तू आधी टाकलीस. हा माझा हट्ट."

पहिल्यांदाच बोलली त्या दिवसाबद्दल. नंतर स्वतःहून चहा केला.

६ ऑगस्ट

सिनसिनाटीला अपिलाची सुनावणी झाली. मला पाठवलं नाही. मी मागितलंही नाही.

१९ सप्टेंबर

डॉक्टर म्हणाले, आता चार तासांचा प्रवास विसरा. शिकागोचा नकाशा ड्रॉवरमध्ये टाकला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दोन विरुद्ध एक. बंदी कायम. कोर्टाच्या वेबसाइटवर निकाल आला तेव्हा मी कार्यालयात होते. बातमी चाळीस मिनिटांत लिहिली. प्रतिक्रियेसाठी मिसेस डायक्स्ट्रांना फोन केला. त्या म्हणाल्या, "काय बोलू, नेल? तो परवान्यांचा गठ्ठा अजून माझ्या खणात आहे." मग हळूच, "थिया कशी आहे?" म्हटलं, हे छापायचं नाही. म्हणाल्या, "छापायला नाही विचारलं गं बाई."

घरी आले. थियाने सूप केलं होतं, उभ्याने, सिलिंडर ओट्याला बांधून. तिने विचारलं नाही. कोट काढायच्या आधीच माझ्या तोंडावर वाचलं असणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. रॉस, छायाचित्रकार, निम्मा गाव जंगलात. कार्यालयात मी एकटी. चार मृत्युलेख लिहिले. 'त्यांच्या मागे पती, दोन मुलगे…' आमचा नियम — पती किंवा पत्नी फक्त कायद्याने असेल तरच. बाकीच्यांसाठी 'जवळची मैत्रीण', तेही जागा असली तर. पेपराच्या नियमपुस्तिकेच्या त्या पानावर तारीख १९९६, खाली सही माझी.

१६ जानेवारी २०१५, शुक्रवार

सुप्रीम कोर्टाने आमच्या राज्याचा खटला घेतला. निकाल जूनअखेर. दुजोरा कोर्टाच्या यादीचा.

डॉक्टर सकाळी म्हणाले, एप्रिल. फार तर. दुजोरा त्यांचाच.

संध्याकाळी रॉस आनंदाने फोनवर ओरडला, "नेल! घेतला!" मी म्हटलं, हो, पाहिलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

पुढच्या खोलीत दवाखान्याचा पलंग टाकलाय. रोज नर्स येते. नवरा आता मोठा आहे, भिंतीशी उभा असतो, घरघरतो.

बाहेर गुडघाभर बर्फ. दुपारी थिया म्हणाली, "तो निळा कोट चर्चमध्ये देऊन टाक. थंडीत कोणाला तरी होईल. मी कुठे बाहेर पडतेय?" मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही. द्यायच्या आधी खिसे तपासले. खोकल्याच्या गोळ्या, किल्ली, गुलाबी कागदाचा तुकडा. त्यावर मार्करने ४३.

तुकडा तिच्यासमोर धरला.

"हे काय?"

"दिसतंय की."

"थिया, तू गाडीत होतीस."

"तासभर. मग कंटाळले. नवऱ्याला घेऊन आत आले. त्या बायकांनी नंबर दिला, बसायला खुर्चीही देत होत्या. म्हटलं नको, आमची येईलच इतक्यात." थांबून श्वास घेतला. "तू समोरच होतीस. त्या गोठ्यावाल्या दोघींशी बोलत."

"हाक मारायचीस!"

"मारणार होते. पहिल्यांदा नंबर पुकारला तेव्हा तोंड उघडलंच होतं. पण ती मोठी नेमकी तेव्हा बोलायला लागली. आईबद्दल काहीतरी. तू वहीकडे न बघता लिहीत होतीस. तूच म्हणतेस ना — माणूस एकदा गप्प झालं की पुन्हा तसं बोलत नाही."

"मग नंतर दुसरा नंबर घ्यायचा."

"म्हटलं, सोमवारी घेऊ."

मी पलंगाच्या कडेवर बसले. भिजलेले बूट आठवले. तेव्हा पाहिले होते, विचारलं नव्हतं! रोज अनोळखी माणसांना पन्नास प्रश्न विचारणारी मी.

"दहा महिने का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तू रडली असतीस. रडलीस की तुझं नाक फार वाईट दिसतं." मग तिने माझं मनगट धरलं. बोटं थंड होती. "एकच लागलं मला. तू लिहिलंस, कच खाल्ली. मी कच नव्हती खाल्ली, नेल. मी उभी होते."

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी थियाला वाचून दाखवली, मग रॉसला पाठवली:

'दुरुस्ती — गेल्या वर्षी २३ मार्चच्या अंकात, काउंटी कार्यालयातील त्रेचाळीस नंबरच्या जोडप्याने ऐन वेळी कच खाल्ली असावी, असे म्हटले होते. ते चूक होते. हा नंबर थिया कोवाल आणि या वृत्तपत्राच्या बातमीदार नेल हूकझेमा यांचा होता. श्रीमती कोवाल दोन्ही वेळा हजर होत्या. बातमीदार कामात होती.'

रॉसचा लगेच फोन. "दहा महिन्यांनी? दुजोरा कोणाचा?"

"त्रेचाळीस नंबरचा. इथेच पडली आहे, फोन देऊ?"

पलीकडे त्याच्या कळफलकाचा आवाज आला. मग म्हणाला, "पान दोन, तळाला. उद्याच."

दुपारपासून थियाचा श्वास एकदम खालावलाय. पेपर पहाटे साडेपाचला दारात पडतो. नर्स म्हणते, आजची रात्र निघेल. सकाळचं विचारलं तर ती नळी नीट करायला लागली.