चाक दोऱ्यानं सरळ कर

धाकट्या,

फटफटीचं मागचं चाक तू नटाजवळच्या खुणा बघून बसवलंस, म्हणून गाडी तिरकी पळते. गाडी आपटल्यापासून त्या खुणा खोट्या झाल्यात, हे तुझ्या वडलांनी दहादा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत दोरा ताणून चाक सरळ कर, चेन दोन बोटं सैल ठेव, मग नट आवळ. तीस वर्षं यांच्यासमोर बसून दोऱ्याचं दुसरं टोक मीच धरलंय.

यांना विचारत बसू नकोस. सकाळी मी विचारलं, तर मलाच म्हणाले, "कुणाची गाडी, बाई?"

दवाखान्यात नेते. जेवण झाकून ठेवलंय. दोरा यांच्या मुठीत आहे, सोडत नाहीत. तू नवा घे.

आई