रक्ताची जोड

३ तारीख, सोमवार

पोहोचलो एकदाचे! एक ट्रंक, दोन वळकट्या आणि माझा काडी. काडी म्हणजे माझा मुलगा, वय अकरा. झोपला की चादरीखाली आहे की नाही हे चाचपून बघावं लागतं, म्हणून घरात सगळे काडीच म्हणतात. इस्पितळात पंधरा वर्षं पाळ्या करून कंबरडं मोडलं, आता फादर लोकांच्या या मुलांच्या निवासी शाळेत नर्स. घसे, गुडघे आणि परीक्षेच्या दिवशीची पोटदुखी, एवढंच काम. वर काडीला इथेच प्रवेश. आणखी काय हवं?

माझी खोली झकास आहे. सहा लोखंडी खाटा, काचेचं कपाट, सुया उकळायचं भांडं, आणि गज लावलेल्या खिडकीतून समोर व्यायामशाळेची मागची भिंत. मुख्याध्यापक फादर स्वतः किल्ल्या घेऊन आले. अभिमानाने म्हणाले की चाळीस वर्षांत इथे एकाही शिक्षकाने मुलावर हात उगारलेला नाही. मी म्हटलं, मग मी इथे माश्या मारू का? खळखळून हसले. माणूस भला वाटला.

९ तारीख, रविवार

वर्षाच्या पहिल्या रविवारी इथे जोड ठरते. मिस्सा संपली की चॅपलमध्ये चिठ्ठ्यांची पेटी फिरते. मुलं, शिक्षक, माळी, कुणी सुटत नाही. ज्याची चिठ्ठी निघेल तो वर्षभर तुमची जोड. तुम्ही चुकलात तर शिक्षा त्याला, तो चुकला तर तुम्हाला. फादरांनी समजावलं की प्रभूने साऱ्या जगाची पापं घेतली, आपण एका माणसाची घ्यायला काय हरकत आहे? शिक्षा तरी काय, तासभर व्यायामशाळेत गुडघ्यांवर. मनात आलं, हे तर चोर सोडून संन्याशाला फाशी. पण पोरं इतकी शांत आणि नीटनेटकी, की म्हटलं आपल्याला काय कळतंय.

काडीची चिठ्ठी स्वयंपाकीणबाईंना निघाली, मला माळी. बाहेर आल्या आल्या मी बाईंना गाठून चिठ्ठी बदलून मागितली. पोरगं धांदरट, रोज काहीतरी सांडणार. गुडघे माझे झिजतील, त्याला काय! बाईंनी दोनदा विचारलं, नक्की ना? म्हणाल्या, रक्ताची जोड इथे कुणी घेत नाही. मी म्हटलं, मी दुसरी घेणारच नाही. त्यांनी दिली, पण माझ्याकडे न बघता.

१२ तारीख, बुधवार

काडीने शाई सांडली आणि मी तासभर गुडघ्यांवर! शेवटच्या वर्गातला दांडगा मुलगा, ज्याला सगळे मुकादम म्हणतात, तो माझ्यासाठी मुद्दाम सतरंजी घेऊन आला. शिक्षांचं सगळं तोच बघतो. इतका अदबशीर मुलगा मी पाहिला नाही.

दुपारी मात्र एक चष्मेवाला मुलगा आला. ओठ फाटलेला, दोन दात हलणारे. पायरीवरून घसरलो म्हणाला. पायरी ओठ फाडते, पण पाठीवर सारख्या अंतराने सहा वळ उठवत नाही. त्याची जोड असलेला मुलगा शेजारी मजेत बसून होता. त्याला विचारलं तर सरळ म्हणाला की आज त्याने मुद्दाम तीन चुका केल्या, कारण चष्मेवाला त्याला आवडत नाही.

चष्मेवाल्याला मी संध्याकाळच्या घंटेनंतरही खाटेवरच ठेवून घेतलं.

१३ तारीख, गुरुवार

काडीची दोन बोटं मोडली. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

दारात सापडली म्हणाला. दारात बोट चेपतं. ही मागे वाकवून मोडलेली होती. खूप विचारल्यावर म्हणाला की तू घंटेनंतर त्याला ठेवून घेतलंस ना, आई. तक्रार नाही, आज वार कुठला ते सांगावं तसं. चुकणाऱ्याने समोर उभं राहून बघायचं असतं, पण मोठ्या माणसांना हे बघायला लावणं बरं दिसत नाही, असं मुकादम म्हणाला म्हणे.

गुडघ्यांवरची शिक्षा फक्त आम्हा मोठ्यांना. मी मूर्ख. मी माझ्या हाताने त्याला माझ्याशी बांधलं.

१४ तारीख, शुक्रवार

फादरांकडे गेले. मोडलेली बोटं दाखवली. त्यांचा विश्वास बसेना. मुलांच्या शिक्षेच्या तासाला कुणीही मोठा माणूस व्यायामशाळेत पाऊल टाकत नाही, मुलांवर भरवसा टाकायचा असतो, म्हणाले. माझ्यासमोरच मुकादमाला बोलावलं. त्याने मान लववली, सगळं ऐकून घेतलं.

चार वाजता मुलं काडीचा कान घेऊन— म्हणजे काडीला घेऊन आले, कान लोंबत होता. मी सात टाके घातले. माझ्या पोराला. माझा हात जराही थरथरला नाही, याची लाज वाटते.

तक्रार करणं ही चूक होती. माझी.

१६ तारीख, रविवार

दोन दिवस तोंडाला कुलूप. भिंतीच्या कडेने चालते. कुणाला हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही.

जेवताना चमचा पडला. चमचा!

काडीचा खांदा निखळला. मीच बसवला. तो ओरडला नाही, मला म्हणाला, सांभाळून वाग ना गं. मला मरून जावंसं वाटलं.

काडीला घेऊन फाटकावर गेले. फादरांच्या चिठ्ठीशिवाय विद्यार्थी बाहेर नाही, असं पहारेकऱ्याने सांगितलं. मागे वळले तर ओट्यावर मुकादम. त्याने शांतपणे एक बोट वर केलं. मोजत होता.

१७ तारीख, सोमवार, दुपार

फाटकाच्या चुकीसाठी काडीला न्यायला आले. चौदा जण. भर दुपारी.

सलाईनचा लोखंडी दांडा उचलला. मुकादम आत शिरला तसा त्याच्या तोंडावर घातला. नाक फुटलं, भिंतीवर रक्त. त्याने हात उचलला नाही. बाजूला झाला.

दुसरा पुढे आला. डोकं खाली वाकवून. मी मारलं— कवटीचा आवाज ओळखते मी— तो बसला. तिसरा आला, डोळे मिटून, तोंड वर करून. मारलं. चौथा त्याला ओलांडून—

काडी किंचाळला, आई, थांब, मारू नकोस!

तेव्हा कळलं. ते मला अडवायला येत नव्हते. मार खायला येत होते. रांगेत. माझा एकेक घाव काडीच्या नावावर—

१७, थोड्या वेळाने

कडी लावली. खाट दाराला लावली. फोन फादरांच्या खोलीत. ओरडले, कुणी येत नाही.

दार तोडत नाहीत. चहाच्या घंटेपर्यंत थांबणार म्हणाला मुकादम. नाकातून बोलतो. माझ्याशी नाही, काडीशी. जोड कधी सुटते ते सांगितलं. दोघांतला एक उरला नाही, की सुटते. मग त्याच्या चुका दुसऱ्याला नाहीत. सगळ्या माफ.

काडी ऐकत होता. मान डोलावली त्याने.

१७

लिहिलं की हात स्थिर राहतो.

ट्रेमधली कात्री नाही.

काडी खाटेवरून उतरला. अनवाणी. विचारतो, आई, तुला दुखेल का? नाही म्हटलं. खोटं बोलले— तीही चूक, तीही त्याच्याच—

हिसकावून घेता येईल. अकरा वर्षांचं पोर. पण मग? बाहेर चौदा जण, आणि घंटा—

मागे उभा आहे. रडतोय. वळायचं नाही. वळले तर घाबरेल, हात चुकेल, आणि पुन्हा पुन्हा—

मोडक्या बोटांत धरलीय. कपाटाच्या काचेत दिसतंय. उलटी धरलीय, त्याचाच हात कापेल. बाळा, अंगठा आधी—